हाडापर्यंत जंतू पोहोचू नयेत म्हणून

पोटावरच्या शस्त्रक्रियेची जखम चिघळली तर टाके मोकळे करतात, पू वाहू देतात आणि बहुतेक वेळा महिना-दीड महिन्यात ती भरून येते. मांडीच्या हाडात ठोकलेल्या सळईभोवती किंवा गुडघ्यातल्या कृत्रिम सांध्याभोवती पू झाला तर तो असा मिटत नाही, दबून राहतो. वर्षभराने, कधी दहा वर्षांनीही, त्वचेला बारीक भोक पडते आणि पुन्हा वाहू लागते. धातूला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे पांढऱ्या पेशी आणि औषध दोन्ही तिथे अपुरी पोहोचतात. जंतू धातूला चिकटतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात. या थराला बायोफिल्म म्हणतात. एरवी सहज मरणारा जंतू या थराआड शेकडो पट जास्त अँटिबायोटिकलाही दाद देत नाही.

परक्या वस्तूने किती फरक पडतो हे १९५७ मध्ये एलेक आणि कोनेन यांनी इंग्लंडमध्ये माणसांवरच पाहिले. स्वयंसेवकांच्या त्वचेत स्टॅफिलोकोकस टोचल्यावर पू धरायला लाखो जंतू लागत होते. त्याच जागी रेशमाचा टाका असला की शंभरेक पुरत. एका टाक्याची ही कथा, तर छत्तीस सेंटिमीटरच्या सळईबद्दल वेगळे सांगायला नको. अमेरिकन अस्थिशल्यचिकित्सक ग्रिस्टिना यांनी १९८७ मध्ये याला पृष्ठभागासाठीची शर्यत म्हटले. रोपण बसवल्या क्षणापासून शरीराच्या पेशी आणि जंतू दोघेही त्याकडे धावतात आणि आधी पोहोचणारा तिथे घर करतो. प्रतिबंधाचे सगळे उपाय पहिल्या काही तासांत जंतूंना मागे ठेवण्यासाठी असतात.

जंतुनाशनाची सुरुवातच हाडापासून झाली. १२ ऑगस्ट १८६५ रोजी ग्लासगोच्या रुग्णालयात अकरा वर्षांचा एक मुलगा आला. गाडीचे चाक पायावरून गेले होते, नळीचे हाड मोडून जखम उघडी पडली होती. त्या काळी अशा मोडीवर पाय कापणे हाच उपाय होता. जोसेफ लिस्टर यांनी जखमेवर कार्बोलिक ॲसिडमध्ये भिजवलेली पट्टी बांधली आणि पाय वाचला. हे अनुभव त्यांनी १८६७ मध्ये छापले. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय सुरू झाले तेही त्याच वर्षी. जंतुनाशनाचा पुढचा मोठा टप्पा सांध्याचा. १९६२ पासून इंग्लंडमध्ये खुब्याचे सांधे बदलणाऱ्या जॉन चार्नली यांना सुरुवातीला शंभरात सातच्या आसपास रुग्णांमध्ये पू आढळत होता. शस्त्रक्रियागृहातली हवा गाळणे, शल्यचिकित्सकाचा श्वास नळीने बाहेर काढणारा पोशाख आणि जखम शिवण्याची काळजी यांच्या जोरावर त्यांनी हे प्रमाण एक टक्क्याच्या खाली आणले, आणि तेही प्रतिबंधक अँटिबायोटिक न देता.

अँटिबायोटिकशी पुण्याचे नाते जुने आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची पिंपरीत १९५४ मध्ये स्थापना झाली आणि जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साह्याने पुढच्या वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. हाडाला पू करणारा नेहमीचा जंतू स्टॅफिलोकोकस ऑरियस. त्याच्यावर साधे पेनिसिलिन आता क्वचितच चालते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या जाळ्यातल्या रुग्णालयांत तर याच जंतूच्या सुमारे चाळीस टक्के नमुन्यांवर मेथिसिलिनच्या कुळातली औषधेही निकामी ठरतात. शिवाय पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत दुय्यम मानलेले क्लेबसिएला, स्यूडोमोनास, ॲसिनेटोबॅक्टर हे जंतू इथल्या जखमांत वारंवार सापडतात. यामुळे परदेशी मार्गदर्शिका जशीच्या तशी उचलता येत नाही, आणि जोरदार औषध आधीच वापरून ठेवणे हा मार्गही धोक्याचा ठरतो.

पुण्यात हाडांवरच्या शस्त्रक्रियेचे दोन वेगळे प्रवाह आहेत. एक ठरवून केलेला. गुडघे-खुबे बदलण्याचे काम इथे मोठ्या प्रमाणावर चालते, डॉ. के. एच. संचेती यांनी १९६५ मध्ये रुग्णालय सुरू केले आणि पुढे भारतीय गुडघ्यांचा विचार करून ‘इंडस’ हा कृत्रिम सांधाही घडवला. दुसरा प्रवाह अपघाताचा. दुचाकींच्या या शहरात नळीच्या हाडाची उघडी मोड नवलाची नाही. चाकण-भोसरीच्या प्रेसमध्ये चिरडलेले हात, द्रुतगती मार्गावरचे आणि उसाच्या ट्रॉलीचे अपघात यांची त्यात भर पडते. पहिल्या प्रवाहात तयारीला आठवडे मिळतात, दुसऱ्यात मिनिटे.

ठरवलेल्या शस्त्रक्रियेत पहिले काम रुग्णाची तयारी. मधुमेह सगळ्यात आधी पाहावा लागतो, आणि इथे डोळ्यांवर विसंबता येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले की, भारतीय माणूस वरून सडपातळ दिसला तरी शरीरात चरबीचे प्रमाण जास्त असू शकते आणि मधुमेह लवकर गाठतो. ‘आमच्या घरात कुणाला साखर नाही’ म्हणणाऱ्या आजींचीही तीन महिन्यांची सरासरी साखर तपासावी लागते ती यामुळे. ती साडेसात-आठ टक्क्यांच्या वर असेल तर सांधाबदल पुढे ढकलणे शहाणपणाचे. शस्त्रक्रियेच्या दिवशी आणि नंतर साखर १८०-२०० च्या आत ठेवायची. तंबाखू किमान चार आठवडे आधी बंद करायची. यात सिगारेटइतकीच मिश्रीही येते, पण तिच्याबद्दल कुणी विचारत नाही आणि रुग्णही सांगत नाही. पंडुरोग आणि कुपोषण भरून काढायचे. गुडघ्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतले असेल तर तीन महिने थांबायचे. सांधेदुखीवर गावोगाव मिळणाऱ्या बिनलेबलाच्या पुड्यांत स्टेरॉइड असल्याचे अनेकदा आढळते, तेव्हा कुणाकडून पुड्या घेतल्या का, हा प्रश्न थेट विचारावा लागतो.

मग त्वचा. पायाच्या बोटांमधल्या चिखल्या, टाचेच्या भेगा, मांडीवरचे गळू या गोष्टी रुग्ण क्षुल्लक समजतो; कृत्रिम सांध्याच्या दृष्टीने ती जंतूंची वाट असते. पावसाळ्यात तर पायमोजे उतरवून पाहिल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही. किडलेले दात आधी उपटून किंवा भरून घ्यायचे. लघवीत जंतू दिसले पण जळजळ नाही, ताप नाही, तर मात्र औषध देऊन उपयोग नाही, हे अभ्यासांतून पुरेसे स्पष्ट झाले आहे. तरी लघवीचा अहवाल स्वच्छ येईपर्यंत शस्त्रक्रिया अडवून ठेवण्याची सवय जात नाही. सुमारे तीस टक्के माणसांच्या नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस सुखाने राहत असतो. नेदरलँड्समधल्या २०१० च्या एका चाचणीत अशा वाहकांना नाकात म्युपिरोसिन मलम आणि क्लोरहेक्सिडीनची आंघोळ दिल्यावर या जंतूचा संसर्ग ७.७ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर आला. मलमाची नळी स्वस्त असते, तरी हा उपाय फारसा केला जात नाही.

आदल्या रात्री वस्तऱ्याने केस काढण्याची पद्धत अनेक वॉर्डांत अजून चालू आहे. वस्तऱ्याने त्वचेवर न दिसणारे ओरखडे पडतात आणि रात्रभरात त्यांत जंतू वाढतात. केस आड येत नसतील तर काढूच नयेत, येत असतील तर त्याच सकाळी क्लिपरने कापावेत. छेद देण्याआधी त्वचेला लावायचे द्रावण अल्कोहोलयुक्त असावे, यावर जवळपास एकमत आहे. अल्कोहोलसोबत क्लोरहेक्सिडीन की आयोडीन हा वाद मात्र हलता आहे. बरीच वर्षे क्लोरहेक्सिडीन वरचढ मानले गेले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मोडलेल्या हाडांवरच्या मोठ्या चाचणीत बंद मोडींमध्ये अल्कोहोलयुक्त आयोडीनने कमी संसर्ग झाला, २.४ टक्के विरुद्ध ३.३ टक्के. उघड्या मोडींत ठळक फरक दिसला नाही. कोणतेही लावले तरी ते वाळेपर्यंत थांबायला हवे. लावल्या-लावल्या पुसून टाकलेले बिटाडीन रंगापुरतेच उरते.

अवजारांकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही, आणि पुण्यासारख्या शहरात खरी मेख तिथेच आहे. लहान-मध्यम रुग्णालयाकडे प्रत्येक प्रकारच्या सळईचा आणि प्लेटचा संच नसतो. तो विक्रेत्याकडून त्या शस्त्रक्रियेपुरता येतो. सकाळी विक्रेत्याचा माणूस दुचाकीवर पुढे पेटी ठेवून दारात येतो. त्याच पेटीतली अवजारे आदल्या रात्री शहराच्या दुसऱ्या टोकाला वापरली गेलेली असू शकतात. पेटी उघडून थेट ऑटोक्लेव्हमध्ये ढकलली तर वाफ १२१ अंशांची असो वा १३४ अंशांची, ती वाळलेल्या रक्ताच्या थराखाली पोहोचतेच असे नाही. हाड आतून कोरणाऱ्या पोकळ रीमरच्या नळीत मज्जेचा लगदा अडकतो, डेप्थ गेजच्या खाचेत हाडाचा चुरा, लवचिक शाफ्टच्या वेटोळ्यांत रक्त. हे सुटे करून ब्रशने घासावे लागते, एन्झाइमच्या द्रावणात भिजवावे लागते, स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडे करावे लागते आणि मगच वाफ. या कामाला दोन-तीन तास लागतात. पेटी सात वाजता आली आणि शस्त्रक्रिया आठला ठेवली की गणित तिथेच फसते. स्क्रूच्या रॅकचेही तसेच. रक्ताळलेल्या हातमोज्यांनी चाचपून परत ठेवलेला स्क्रू पुन:पुन्हा वाफवला जातो आणि कितव्या रुग्णात बसला हे कुणालाच ठाऊक नसते. संच आदल्या दिवशी मागवणे, आल्यावर मोजून आणि उघडून पाहणे, धुण्याची नोंद ठेवणे याला महागडे यंत्र लागत नाही. ऑटोक्लेव्हच्या पट्टीवर काळ्या रेघा उमटल्या म्हणजे निर्जंतुकीकरण झाले असेही नाही. त्या रेघा पेटी तापली इतकेच सांगतात. जंतूंच्या बीजाणूंची चाचणी ठरावीक दिवसांनी लावली तरच खरे कळते.

याउलट शस्त्रक्रियागृहाच्या हवेवर भरपूर बोलले जाते. ब्रिटनमधल्या लिडवेल यांच्या १९८२ च्या अभ्यासात सुमारे आठ हजार सांधाबदलांमध्ये अतिशुद्ध हवेमुळे खोल संसर्ग १.५ टक्क्यांवरून ०.६ टक्क्यांवर आला होता. त्यानंतर जर्मनी आणि न्यूझीलंडच्या नोंदींत लॅमिनार, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या गाळलेल्या हवेचा तसा फायदा दिसला नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये निव्वळ सांधाबदलासाठी ती बसवू नये असे सुचवले, अर्थात पुरावा कमकुवत असल्याचे सांगून. दरम्यानच्या काळात सर्वांना अँटिबायोटिक मिळू लागले होते, त्यामुळे हवेचा वेगळा वाटा मोजणे अवघड झाले, हे स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे. भारतात रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएच या मंडळाच्या निकषांत तासाला किमान वीस वेळा हवा बदलणे आणि त्यात ताजी हवा असणे अपेक्षित आहे. भिंतीवरचा साधा स्प्लिट एसी तीच हवा फिरवत राहतो. शस्त्रक्रियागृहात (ओटीत) किती माणसे आहेत आणि दार किती वेळा उघडते, यावर हवेतल्या जंतूंची संख्या बरीच ठरते. राहिलेला स्क्रू आणायला दहा वेळा दार उघडले की गाळणीचा उपयोग निम्मा संपतो. आठवड्याच्या शेवटी फॉर्मालिनची धुरी देऊन भिंतींचे स्वॅब पाठवण्याचा विधी मात्र अनेक ठिकाणी निष्ठेने पाळला जातो. फॉर्मालिनची वाफ कर्करोगकारक मानली जाते, आणि लाद्या पुसण्याची जागा ती घेऊ शकत नाही.

अँटिबायोटिकच्या बाबतीत सगळा खेळ वेळेचा आहे. छेद देताना आणि टाका घालताना औषध ऊतींत पुरेसे असले पाहिजे. अमेरिकेतल्या २,८४७ रुग्णांच्या १९९२ च्या अभ्यासात छेदाआधीच्या दोन तासांत औषध मिळालेल्यांत ०.६ टक्के संसर्ग झाला, त्याहून आधी मिळालेल्यांत ३.८ टक्के आणि छेदानंतर तीन तास उलटून गेल्यावर मिळालेल्यांत ३.३ टक्के. आज सेफॅझोलिनसाठी छेदाआधीचा एक तास धरतात. मात्रा २ ग्रॅम, १२० किलोच्या वर ३ ग्रॅम, आणि शस्त्रक्रिया चार तासांवर गेली तर पुन्हा एकदा. व्हॅन्कोमायसिन सावकाश द्यावे लागते, म्हणून ते आणखी आधी सुरू करतात. पायाला रक्तप्रवाह थांबवणारे टूर्निकेट बांधायचे असेल तर फुगवण्यापूर्वी औषध पूर्ण गेलेले हवे. नंतर दिलेले औषध गुडघ्याखाली पोहोचतच नाही.

कागदावर सोपे वाटणारे हे वेळापत्रक व्यवहारात कसे मोडते हे एका सकाळीही दिसते. वॉर्डातली सिस्टर सात वाजता टेस्ट डोस देऊन, मग पूर्ण मात्रा देऊन रुग्णाला तयार ठेवते. आधीची शस्त्रक्रिया लांबते, सी-आर्म हे क्ष-किरण यंत्र अडते, भूलतज्ज्ञ दुसऱ्या रुग्णालयातून निघालेले असतात आणि वाहतुकीत अडकतात. छेद साडेअकराला पडतो. कागदावर ‘अँटिबायोटिक दिले’ अशी बरोबर खूण असते, औषध मात्र उतरणीला लागलेले असते. इंजेक्शन वॉर्डात न देता ओटीत, भूल देतेवेळी, भूलतज्ज्ञाच्या हातून द्यायचे, हा एक बदल यावर पुरेसा ठरतो.

नंतरच्या औषधाबद्दल पुरावा स्पष्ट आहे आणि सवय उलटी. स्वच्छ, बंद शस्त्रक्रियेत टाके घातल्यावर अँटिबायोटिक पुढे चालू ठेवून संसर्ग कमी होत नाही. फार तर चोवीस तास. तरीही पाच दिवस शिरेतून आणि मग टाके निघेपर्यंत गोळ्या, असा शिरस्ता सर्रास आढळतो. त्यामागे भीती आहे, आणि ती समजण्यासारखी आहे: पू झाला तर नातेवाईक विचारतील, ‘औषध का बंद केले?’ रीमर कसा धुतला, हे ते कधीच विचारणार नाहीत.

शस्त्रक्रियेदरम्यानच्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगता येतात. रुग्णाचे अंग गार पडू द्यायचे नाही. दुहेरी हातमोजे घालायचे आणि रोपण हाताळण्यापूर्वी वरचे बदलायचे. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडने रक्तस्राव कमी ठेवायचा, कारण साठलेले रक्त जंतूंना खाद्य पुरवते. सांधा बसवण्याच्या सिमेंटमध्ये अँटिबायोटिक मिसळण्याची कल्पना जर्मनीच्या बुखहोल्त्स यांची, १९७० ची. तिचे घरगुती रूप इथल्या ओटीत नेहमी दिसते: सिमेंटच्या पिठात व्हॅन्कोमायसिनची पूड कालवायची, मऊ असतानाच हाताने मणी वळायचे, तारेत ओवायचे आणि जखमेत ठेवायचे.

उघड्या मोडीत जंतू आधीच आत गेलेले असतात. इथे प्रतिबंध रस्त्यावर सुरू होतो. जखमेवर स्वच्छ कापड बांधायचे, हळद किंवा कॉफीची पूड भरायची नाही, बाहेर आलेले हाड आत ढकलायचे नाही. अँटिबायोटिकचा पहिला डोस तासाभरात मिळावा. सहा तासांत शस्त्रक्रिया झालीच पाहिजे, या जुन्या नियमाइतका किंवा त्याहून जास्त फायदा त्याचा होतो. महाराष्ट्रात २०१४ पासून धावणारी १०८ ची रुग्णवाहिका किंवा वाटेतले पहिले रुग्णालय, जिथे डॉक्टर भेटेल तिथेच तो डोस आणि धनुर्वाताचे इंजेक्शन व्हावे. जखमेचा मोबाइलवर एकदाच फोटो काढून ती झाकायची. पुढच्या प्रत्येक डॉक्टरने ती उघडून पाहण्यापेक्षा फोटो पाहावा. सर्वांत घातक चूक म्हणजे लहान गावात जखम घट्ट शिवून रुग्ण पुण्याला पाठवणे. वरून नीटनेटकी दिसते, आत माती आणि मेलेले स्नायू कोंडलेले असतात.

ओटीत या जखमेवर मुख्य काम धुणे आणि मेलेले ऊतक कापणे. गस्टिलो आणि अँडरसन यांच्या १९७६ च्या वर्गीकरणानुसार जखमेचा प्रकार ठरतो. शेतातली माती शिरली असेल तर जखम लहान असूनही ती गंभीर गटात धरतात. पहिल्या प्रकाराला तीन लिटर, दुसऱ्याला सहा, तिसऱ्याला नऊ लिटर सलाइन असा रूढ हिशेब आहे. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जोराच्या फवाऱ्याने किंवा साबणाच्या पाण्याने जास्त फायदा दिसला नाही. साबणाने उलट पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ जास्त आली. उंच टांगलेल्या बाटलीतले साधे सलाइन पुरते. स्नायू जिवंत आहे की नाही हे रंग, घट्टपणा, चिमटा घेतल्यावरचे आकुंचन आणि कापल्यावर येणारे रक्त यांवरून ओळखतात. शंका असेल तर काढायचा, किंवा दोन दिवसांनी पुन्हा पाहायचे. तोवर हाड बाहेरच्या चौकटीने धरून ठेवतात. उघडे हाड शक्यतो तीन दिवसांत आणि फार तर आठवड्याभरात स्नायू-त्वचेने झाकले गेले पाहिजे. म्हणून प्लास्टिक सर्जनला पहिल्या दिवशीच बोलावणे उत्तम; पाचव्या दिवशी हाड कोरडे पडल्यावर येणाऱ्या सर्जनच्या हाती फारसे उरत नाही.

शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दोन दिवसांचा ताप बहुधा संसर्गाचा नसतो. पट्टी सतत भिजत असेल तर मात्र जागे व्हायचे. पाच-सात दिवसांनंतरही जखम झिरपत असेल तर गोळ्या वाढवून वाट पाहू नये. ओटीत नेऊन उघडून धुवावी. रोपण असलेल्या शस्त्रक्रियेनंतर नव्वद दिवस नजर ठेवण्याचा निकष आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने तीन रुग्णालयांत झालेल्या अलीकडच्या अभ्यासात तीन हजारांहून थोड्या अधिक रुग्णांपैकी ५.२ टक्क्यांना जखमेचा संसर्ग झाला, आणि त्यांतले सुमारे दोन तृतीयांश घरी गेल्यावर उघडकीस आले. जे रुग्णालय फक्त भरती असलेल्यांची मोजणी करते त्याचा आकडा म्हणूनच सुंदर दिसतो.

घरी गेलेला रुग्ण इंदापूरचा किंवा जुन्नरचा असतो. जखम लाल झाली की तो गावातल्या डॉक्टरकडे जातो आणि दहा दिवसांच्या गोळ्या घेतो. लाली उतरते, जंतू बायोफिल्मखाली राहतात आणि पुढे काढलेल्या नमुन्यात काहीच वाढत नाही. सांध्यातले पाणी काढून तपासायला पाठवण्याआधी अँटिबायोटिक देऊ नये, हा नियम त्यामुळेच आहे. रुग्णाच्या जिवाला तातडीचा धोका असेल तर गोष्ट वेगळी. पहिल्या तीन-चार आठवड्यांत निदान झाले तर सांधा उघडून, खरवडून, धुऊन, प्लास्टिकचा भाग बदलून धातू वाचवता येण्याची शक्यता असते. त्यानंतर बहुधा सगळे काढावे लागते, मधल्या काळात अँटिबायोटिकच्या सिमेंटचा ठोकळा बसवावा लागतो, सहा आठवड्यांच्या आसपास औषध चालते आणि मग नवा सांधा घालतात. नमुने घेताना वेगवेगळ्या जागांचे पाच घ्यायचे, प्रत्येकासाठी वेगळे अवजार वापरायचे, आणि प्रयोगशाळेला ते चौदा दिवस ठेवायला सांगायचे. सावकाश वाढणारे काही जंतू दुसऱ्या आठवड्यातच दिसतात.